खोलीसाठी घेतलेलं सोंग

आज मी तुम्हाला एका सिनेमाची गोष्ट सांगणार आहे. सिनेमा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे, कितींदा तरी. 'अशी ही बनवाबनवी'. पण मी तो परवा पहिल्यांदाच नीट पाहिला असं मला वाटतं, कारण शेजारी माझी सहा वर्षांची लेक बसली होती.

रविवारची दुपार होती. मी बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगच्या हंगामी कामाला जाते, त्यामुळे तेवढाच एक दिवस घरात असते. शेंगा फोडत बसले होते. टीव्हीवर सिनेमा लागला. म्हटलं, बघू दे पोरीला, हसण्यासारखा आहे.

हा सिनेमा आला १९८८ साली, माझ्या जन्माच्या आधी. सचिन पिळगांवकरांनी तो केला, संवाद वसंत सबनीसांचे. चार तरुण पुण्यात खोली शोधतात. लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात जागा आहे, पण त्या फक्त जोडप्यांनाच ठेवतात. मग काय, सचिन साडी नेसून सुधा होतो, अशोक सराफची बायको. लक्ष्मीकांत बेर्डे होतो पार्वती, सिद्धार्थ रेची बायको. पुढे चौघांच्याही खऱ्या प्रेमाच्या भानगडी सुरू होतात आणि जो गोंधळ उडतो तो तुम्हाला माहीतच आहे.

माझ्या लेकीने पहिल्यांदा विचारलं, "मम्मी, माणसानं साडी कशी काय नेसली?" मी तिला माझ्या माहेरची आठवण सांगितली. आमच्या गावात सप्ताहाला सोंगी भारूड व्हायचं. मिशीवाला, नांगर धरणारा माणूस लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून उभा राहायचा आणि म्हाताऱ्या बायकाही पदर तोंडाला लावून हसायच्या. नाथांचं पैठण आपल्यापासून लांब नाही, भारूड तर आपल्या घरचंच. तिला ते पटलं. "म्हणजे सोंग आहे," ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

नाचगाणं तिला आवडलं. लक्ष्मीकांत साडीत फताड्या चालीने चालला की खिदळायची. प्रेमाच्या प्रसंगात मात्र कंटाळून शेंगा खायची. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लीलाबाई पडद्यावर आल्या की ही हसायची थांबायची. माझा दंड घट्ट धरायची. पार्वतीच्या डोहाळजेवणाला मी हसून हसून लोळत होते आणि ही माझ्या पदराआड तोंड लपवून म्हणत होती, "आता कळणार. आता बाईंना कळणार."

मी म्हटलं, "अगं, गंमत आहे ती."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही बंद. त्या शांततेत ती हळूच म्हणाली, "मम्मी, आपण पण काकूंना खोटं सांगितलंय ना?"

मैत्रिणींनो, माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. दोन वर्षांपूर्वी मी लेकीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाले. का निघाले ते आज सांगत नाही, तुमच्यातल्या अनेकींना ते न सांगताच कळेल. कुंडलिकेच्या अल्याड, पल्याड, जुन्या जालन्यात, नव्या जालन्यात खोल्या पाहिल्या. भाडं पटायचं, डिपॉझिट पटायचं, आणि मग प्रश्न यायचा, "मिस्टर काय करतात?" खरं सांगितलं की खोली अचानक कुणा पाहुण्यासाठी ठेवलेली निघायची. पाचव्या का सहाव्या घरी मी सांगून टाकलं, "ते बाहेरगावी कामाला असतात, सुट्टी मिळाली की येतात." खोली मिळाली. लेकीलाही शिकवलं, कुणी विचारलं तर हेच सांगायचं. तेव्हा ती चार वर्षांची होती. मला वाटलं, लहान आहे, विसरून जाईल.

ती विसरली नव्हती. काकू पापड वाळत घालायला गच्चीवर आल्या की ही खेळणं टाकून आत का पळते, हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, लाजरी आहे. मोठ्यांना सिनेमात हसू येतं, कारण शेवटी सगळं गोड होणार हे आपल्याला ठाऊक असतं. लेकराला ते ठाऊक नसतं. आणि ज्या लेकराच्या डोक्यावर आपण आपलंच खोटं ठेवलेलं असतं, त्याला त्यात हसण्यासारखं काय दिसणार?

राहिलेला सिनेमा आम्ही रात्री मोबाईलवर पाहिला. सोंग उतरलं, सगळं गोड झालं. तिने मोठा श्वास सोडला आणि विचारलं, "मग आपण पण सांगू या?"

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी काकूंकडे गेले. पाय थरथरत होते. सगळं सांगितलं. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगते बाई, तू तेव्हाच सांगितलं असतं तर मी खोली दिली नसती." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "आता तुला ओळखते. राहा. पण पोरीला माझ्यासमोर खोटं बोलायला लावलंस, ते मला आवडलं नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सिनेमात झालं तसं सगळं गोड झालं नाही. काकू अजून थोड्या दुरूनच बोलतात. पण लेक आता पापडाची राखण करायला गच्चीवर जाते.

मला नंतर कळलं की या सिनेमाची गोष्ट १९६६ सालच्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमावरून घेतली होती, हृषीकेश मुखर्जींच्या. अमेरिकेतही १९५९ साली 'सम लाइक इट हॉट' नावाचा सिनेमा आला होता. त्यात दोन वाजंत्री गुंडांपासून जीव वाचवायला बायकांचे कपडे घालतात. तिकडे जीव वाचवायला सोंग आणि आपल्याकडे भाड्याची खोली मिळवायला! १९६६ ला तेच, १९८८ ला तेच, आणि आज माझ्या जालन्यातही तेच.

तर ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भाडेकरार लेखी करा, त्याची नोंदणी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ओळखपत्र पाहा, जिथे काम करते तिथे चौकशी करा, भाड्याची तारीख ठरवा. पण भाडेकरू लग्नाचीच असावी, नवऱ्यासोबतच राहावी, अशी अट कायद्यात कुठेही नाही. तो एक प्रश्न तुम्ही गिळलात तर एखाद्या लेकराला खोटं पाठ करावं लागणार नाही.

आणि ज्या माझ्यासारख्या एकट्या आहेत, त्यांना मी खोटं बोलू नका असं सांगणार नाही. डोक्यावर छप्पर नसलं की काय होतं ते मी पाहिलंय. फक्त ते ओझं लेकराच्या डोक्यावर किती दिवस ठेवायचं, तेवढं बघा.

माझी लेक आता तो सिनेमा पुन्हा लाव म्हणते. या वेळी लीलाबाई आल्यावरही हसेन, म्हणते. बघू या.