पाय अडतात तेव्हा

(११ एप्रिल, जागतिक पार्किन्सन्स दिनानिमित्त आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण)



बी विंगची लिफ्ट येते, दार उघडतं आणि मी दारापाशी नुसता उभा राहतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. मागून कुणीतरी आपुलकीनं म्हणतं, "काका, चला ना, दार बंद होईल." त्याच क्षणी माझे पाय फरशीला आणखी घट्ट चिकटतात. मागच्या गणपतीत मी आरतीला खाली आलो नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं होतं. खरं म्हणजे लाज वाटत होती. आज ते सांगून टाकतो.

मला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजारावर निबंध लिहिला. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण माझ्याकडे आधी आली ती भीती. नोकरीत लाखोंच्या कर्जांवर सह्या करताना कधी कचरलो नाही आणि निवृत्तीनंतर रिक्षा मिळेल की नाही या विचारानं घाम फुटू लागला. ही म्हणायची, "अहो, रिकामपणामुळे होतंय." पुढे हात थरथरू लागला. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की चिंता हा पुष्कळदा या आजाराचाच भाग असतो आणि कधी कधी ती थरथरीच्या कितीतरी वर्षं आधी येते.

असं का होतं, ते मला समजलं तसं बँकेच्या भाषेत सांगतो. मेंदूत खोलवर 'बेसल गँग्लिया' नावाची केंद्रं आहेत. चालणं, विचार आणि भावना, तिन्हींचे कागद या काउंटरवरून पुढे सरकतात. तिथलं काम डोपामिन या रसायनावर चालतं आणि ते बनवणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू मरतात. म्हणजे काउंटर तेवढेच, पण कारकून कमी. एरवी कसंबसं भागतं. पण बँक बुडणार अशी अफवा उठली, की सगळे एकदम खिडकीवर धावतात ना? मेंदूतलं भीतीचं केंद्र, अमिग्डला, तशीच गर्दी पाठवतं. मग चालण्याचं साधं व्हाउचरसुद्धा पास होत नाही आणि पाय जागीच खिळतात. पाय का अडतात, याबद्दल शास्त्रज्ञ जी स्पष्टीकरणं देतात, त्यातलं हे एक महत्त्वाचं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात रुग्णांना आभासी दृश्य दाखवून सपाट जमिनीवरच चालवलं. दृश्यात फळी एकदा जमिनीवर होती, एकदा खोल खड्ड्यावर. पायाखाली फरशी तीच. तरी खड्डा दिसल्यावर, ज्यांचे पाय मुळात अडतात त्यांचे ते जास्त अडले. भीतीनं पाय अडतात, पाय अडले की भीती वाढते. हे चक्रवाढ व्याज आहे, मंडळी!

आता उपाय. सवयीनं आपोआप होणारं चालणं अडलं, तरी डोळ्यांसमोर रेघ असली की ती ओलांडायला पाय उचलला जातो. मेंदू दुसऱ्या खिडकीतून काम करून घेतो. म्हणून कमिटीला विनंती, की लिफ्टसमोर आणि गेटजवळ पावला-पावलाच्या अंतरावर पिवळ्या आडव्या पट्ट्या माराव्यात. खर्च किरकोळ आहे.

तुम्हा सगळ्यांना विनंती एवढीच: मला ओढू नका, घाई करू नका. लिफ्टचं बटण दाबून धरा आणि गप्प उभे राहा. फार तर आपलं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेवा, मी ते ओलांडतो.

आणि आपल्यात कुणाला हा आजार असेल, तर हातांबरोबर भीतीचंही डॉक्टरांना सांगा. तो स्वभावाचा दोष नाही, त्यावरही उपचार आहेत. गोळ्या मात्र आपल्या मनानं कमी-जास्त करू नका.

यंदा मी आरतीला खाली येणार आहे. लिफ्टपाशी अडलो, तर जरा थांबा. मी येतोच.