घोडकाठचं इनामगाव



पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे.
साधंच गाव.
पण जवळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती.
हो, साडेतीन हजार!

१९६८ साली डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन सुरू केलं.
मातीखालून शेतकऱ्यांचं अख्खं गाव निघालं.

हे लोक जव पिकवत.
गुरं पाळत.
आणि ऐका,
पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घातला, पाट खणला.
तीन हजार वर्षांपूर्वी पाट!

घरातलं कुणी गेलं, की त्याला घरातच जमिनीखाली पुरत.
लहान मूल असेल,
तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत.
मोठ्यांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले सापडले.
का बरं?
मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून, असं अभ्यासक म्हणतात.
तर्कच तो, पण पटण्यासारखा.

पुढे पाऊस कमी होत गेला.
ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या.
शेवटी, इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास, वस्ती उठली.

इथल्या वस्तू पुण्यात, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत.
मुलांना घेऊन जरूर पाहा.