दूरचित्रवाणीतले पु. ल.

आमच्या हेदवीत पु. ल. देशपांडे म्हटलं, की 'बटाट्याची चाळ' आठवते. पण हेच पु. ल. १९५५ साली आकाशवाणीच्या नोकरीत शिरले आणि दूरचित्रवाणीचं तंत्र शिकायला थेट बीबीसीत गेले, हे थोड्यांनाच ठाऊक. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक केंद्र सुरू झालं. पडद्यावर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पुलंनी. बघणारे संच मात्र मूठभर! पुढे त्यांनी नोकरी सोडली. राहिले असते तर दूरदर्शनला रसिक अधिकारी लाभला असता. पण फायलींत अडकलेले पु. ल.? सौदा आपल्याच फायद्याचा झाला. मुंबई केंद्र उघडलं २ ऑक्टोबर १९७२ला. आमच्या डोंगराआड चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी पोचलं, तेही मुंग्यांसकट.