चित्रकलेचा तास आणि मुलींच्या हातातला कॅमेरा



मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलायला मला बोलावलेत. मी चित्रकलेची शिक्षिका. शब्दांपेक्षा रेघांवर भागवण्याची सवय, तेव्हा काही उणे पडले तर सांभाळून घ्या.

परवा बदलापूर लोकलमध्ये एका आईने विचारले, "बाई, मुलगी नववीत आहे. संगणकावर चित्रे करायला शिकते म्हणते. पण पोटापाण्याचे काय?" मी म्हटले, "तुमच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा आहे, त्याच्यावरचे चित्र कोणी फुकट काढले असेल का?" अंबरनाथला विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, त्या पेट्यांवरचे छाप पुष्कळ मुले वहीत चिकटवून ठेवत. आणि उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यूएसए' ची गोष्ट तर तुम्हांला ठाऊकच आहे. यूएसए म्हणजे म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! खरीखोटी देव जाणे, पण तीन अक्षरे माल खपवतात एवढे खरे.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांत संकल्पचित्र असते, भूमिती व अक्षरलेखन असते. ग्राफिक डिझाइनचे निम्मे बाळकडू त्यातच आहे. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडवला. आपण मात्र या परीक्षांकडे दहावीच्या वाढीव गुणांपुरतेच पाहतो. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर!

गेल्या हिवाळ्यात मी काही मुलींना अंबरनाथच्या शिवमंदिरात नेले. शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे हे देऊळ, काळ्या दगडाचे. भर दुपारी फोटो काढले तर कोरीवकाम सपाट दिसते. ऊन कलले की एकेक मूर्ती सावलीतून वर येते. सगळ्यांनी फोनवर पटापट तीस-चाळीस फोटो काढले. एकीजवळ फोन नव्हता. घरी भावाला आहे, तिला नाही. तिला मी माझा दिला. पंधरा मिनिटे तिने काहीच टिपले नाही. सावली सरकण्याची वाट पाहत बसली. मग एकच फोटो काढला आणि फोन पदराला पुसून मला परत दिला. एवढ्या वर्षांत अशी नजर मी दोन-तीनदाच पाहिली असेल.

"मुलीच्या हाती फोन नको," असे तिचे वडील म्हणतात. त्यामागची भीती मला कळते. मीही मुलीची आई आहे. पण भीतीपायी ती नजरच मिटून जावी, हे मला पटत नाही.

अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान घेतले की वेबपान बांधायला शिकवतात. त्यातले एचटीएमएल मला विणकामासारखे वाटले. उघडलेली खूण जिथल्या तिथे बंद करावी लागते, नाहीतर टाका सुटल्यासारखी पुढची वीण बिघडते. तुमच्यापैकी कित्येकींना ते चटकन जमेल.

शनिवारी दुपारी मंडळाची खोली रिकामीच असते. एक जुना संगणक मी देते. गिंप आणि इंकस्केप ही चित्रे करण्याची साधने फुकट मिळतात. मुली आपल्या डोळ्यांसमोर बसतील, वडीलमाणसांनाही घोर नाही. येत्या शनिवारी तीन वाजता मी येईन. किल्ली कोणाकडे असते, तेवढे सांगा.