पावात डाळीचे पीठ



पाव हे परक्यांचे अन्न, असे म्हणण्याचे दिवस केव्हाच गेले. चहापाव हेच ज्याचे दुपारचे जेवण, त्याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

गव्हाच्या प्रथिनांत लायसीन तोकडे पडते. हरभऱ्यात ते भरपूर. उलट हरभऱ्यात जी गंधकयुक्त अम्ले कमी, ती गव्हात पुरेशी. आपल्या थालीपिठाच्या भाजणीने हा हिशेब कधीच जमवला आहे! किलोभर मैद्यातील 100 ग्रॅम काढून तेवढे बेसन घातले, तर एकूण प्रथिने 10 ग्रॅमच्या आसपासच वाढतात. खरा लाभ त्यांच्या प्रतीचा. मात्र बेसनात गव्हाचा चिवटपणा नाही. प्रमाण फार वाढवाल तर पाव फुगणार नाही, विटेसारखा बसेल.

मिठाचे प्रकरण अधिक नाजूक. किलोभर मैद्यास सुमारे 20 ग्रॅम मीठ, हा सर्वसाधारण रिवाज. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसास दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमीच मीठ सांगते. पण पावातले मीठ केवळ चवीसाठी नसते. ते भिजवलेले पीठ आवळून धरते, यीस्टला आवर घालते. म्हणून मीठ उतरवाल तेव्हा यीस्टही कमी घ्यावे, पीठ थंड जागी सावकाश फुगू द्यावे. त्या आंबूसपणाने चवीची उणीवही थोडी भरून निघते. महिन्यास एकेक ग्रॅम उतरवीत 15 वर यावे. जिभेस सहसा पत्ता लागत नाही.

बेसन मैद्याहून महाग, असे बेकरीवाले म्हणतील, आणि ते खरेच आहे. तेव्हा आरंभ शाळांच्या व इस्पितळांच्या पावापासून व्हावा आणि वरचा खर्च नगरपालिकेने सोसावा, असे आमचे मागणे आहे.