आवाजाची रांग



आमचे आयुष्य कामगारांच्या रांगेत गेले. या विषयाकडेही आम्ही रांगेच्याच नजरेने पाहतो.

इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे बारीक तुकडे होतात. बहुधा सेकंदाला ५०. पत्र उशिरा आले तरी वाचता येते. आवाजाचा उशिरा आलेला तुकडा मात्र हरवल्यातच जमा. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. पोरांच्या ऑनलाइन खेळांनाही अशीच घाई.

म्हणून राउटरमध्ये आवाजाची रांग वेगळी ठेवतात. महाद्वार रोडच्या गर्दीत रुग्णवाहिकेला वाट द्यावी तशी. पण वाट दिल्याने रस्ता रुंद होत नाही. सगळ्यांनीच भोंगा लावला, तर कोणीच सरकत नाही. त्या रांगेलाही मर्यादा लागते.

मग भोंगा कोणाला? गरजेला की पैशाला? २०१८ साली केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व मान्य केले: वाहतुकीचे वाजवी नियमन चालेल, मजकुरात भेदभाव नको. हे तत्त्व राखणे आपल्याच हाती आहे. आखातात राबणाऱ्या लेकाची हाक गडहिंग्लजच्या आईला तुटक ऐकू येऊ नये, एवढेच आमचे मागणे.