पोकळी घडवणारे रसायनशास्त्र



रसायनशास्त्रज्ञ नवनवे पदार्थ बनवतात, हे आपण जाणतोच. पण २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांनी पदार्थाच्या आत जागा बनवली. रिकामी, पण मोजूनमापून आखलेली जागा.

सुरुवात झाली १९७४ मध्ये, ऑस्ट्रेलियात. मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळे आणि काड्या वापरून रेणूंच्या प्रतिकृती करवून घेत होते. गोळ्यांना भोके कुठे पाडायची ते ठरले, की रेणूचा आकारही ठरूनच जातो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग खरे अणू-रेणू असेच जोडता येतील का? १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू यांपासून आतून पोकळ असा स्फटिक मिळवला. बांधकामावरची परांची डोळ्यांपुढे आणा : गाठींच्या जागी धातू, बांबूंच्या जागी सेंद्रिय रेणू. ही रचना मात्र सहज ढासळायची.

१९९७ मध्ये जपानच्या सुसुमू कितागावा यांनी दाखवून दिले, की अशा चौकटीत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे वायू शिरतात, बाहेर पडतात, आणि चौकट शाबूत राहते. धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या अशा चौकटीला ‘मॉफ’ म्हणतात; १९९९ मध्ये अमेरिकेत ओमर याघी यांनी ‘मॉफ-५’ सादर केले. ते रिकामे असतानाही तीनशे अंश सेल्सिअसची उष्णता सोसते, आणि त्याच्या दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा आतला पृष्ठभाग सामावतो.

याघींचे बालपण जॉर्डनमधल्या अम्मानचे, निर्वासित कुटुंबातले. घरात पाण्याची टंचाई नेहमीचीच. पुढे त्यांच्याच गटाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हवेतून पाणी काढले. रात्री मॉफ हवेतली वाफ धरून ठेवते. दिवसा ऊन तापले की ती सोडते, आणि थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते.

धातू बदला, रेणू बदला, की पोकळीचा आकार आणि तिची आवडनिवड बदलते. म्हणूनच आजवर हजारो मॉफ तयार झाली आहेत. कुणी धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढते, कुणी पाण्यातली घातक रसायने टिपते. पुण्याच्या आयसर संस्थेतही या विषयावर संशोधन चालते.

आता खरी कसोटी प्रयोगशाळेबाहेरची आहे. खुद्द मॉफ-५ दमट हवेत बिघडते. काही मॉफसाठी लागणारे रेणू महाग पडतात, आणि ग्रॅमने बनणारी वस्तू टनाने बनवणे ही वेगळीच विद्या. त्यामुळे एखाद्या नव्या मॉफची बातमी कानावर आली, तर तीन प्रश्न जरूर विचारा : ते ओलाव्यात टिकते का? किती वेळा भरता आणि रिकामे करता येते? आणि किलोला खर्च किती? आज अनेक प्रयोगशाळा याच तीन उत्तरांमागे लागल्या आहेत.